डिजिटल चित्रासाठी कॅनव्हास केवढा घ्यायचा? साईज, रिझोल्यूशन आणि डीपीआयचं सोपं गणित

मोबाईलवर चित्र काढायला सुरुवात केली की सगळे आधी विचारतात, ब्रश कोणता वापरू? खरं तर आधी कॅनव्हासचं विचारायला हवं. ब्रश मधेच बदलता येतो, पण कमी पडलेले पिक्सेल नंतर आणता येत नाहीत. मला हे एक फ्लेक्स वाया घालवून कळलं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना नवरात्रात गावी, ईटला आलो होतो. गल्लीतल्या मंडळाला ६ × ४ फुटी फ्लेक्स हवा होता. दोन रात्री जागून मी आयबिस पेंटमध्ये देवीचं चित्र काढलं. कॅनव्हास होता १०८० × ७२० पिक्सेल. मोबाईलवर एकदम झकास दिसत होतं. भूमहून फ्लेक्स छापून आला, आणि देवीच्या डोळ्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या! पैसे वर्गणीचे होते. कोणी काही बोललं नाही, पण फ्लेक्स गुंडाळून मांडवामागे ठेवला गेला. चूक पूर्णपणे माझी होती.

नेमकं काय चुकलं?

६ फूट म्हणजे ७२ इंच. १०८० ÷ ७२ = १५. म्हणजे एका इंचात फक्त १५ पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेल जवळपास १.७ मिलिमीटरचा. जवळून तो दिसणारच.

"पण मी डीपीआय ३०० केला होता!"

हो, मीही केला होता. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके बसवायचे ते. तो आकडा चित्रावरच्या चिठ्ठीसारखा असतो. नुसता आकडा बदलून नवीन पिक्सेल तयार होत नाहीत. १०८० पिक्सेल ३०० डीपीआयने छापले तर चित्र ३.६ इंच रुंद येतं, बस्स. खरं सूत्र एवढंच आहे:

लागणारे पिक्सेल = छपाईची लांबी इंचात × डीपीआय

मग डीपीआय किती धरायचा?

ते बघणारा किती लांब उभा आहे यावर ठरतं. डोळ्याला बारीक ठिपके जवळून दिसतात, लांबून ते एकमेकांत मिसळतात. माझा साधा नियम: ३०० ला अंतराच्या फुटांनी भागा. हातात धरायचं चित्र १ फुटावर असतं, म्हणून ३००. सहा फुटांवरून बघायचं असेल तर ५०. दहा फुटांवरून ३० चालतो. लोक जवळ येऊन सेल्फी काढणार असतील तर थोडा जास्त धरा.

तयार आकडे (पिक्सेलमध्ये)

- इन्स्टाग्राम उभी पोस्ट: १०८० × १३५०
- व्हॉट्सअॅप स्टेटस: १०८० × १९२०
- ए४ प्रिंट, ३०० डीपीआय: २४८० × ३५०८
- ए३ प्रिंट, ३०० डीपीआय: ३५०८ × ४९६१
- फ्लेक्स ६ × ४ फूट, ५० डीपीआय: ३६०० × २४००
- फ्लेक्स १० × ६ फूट, ३० डीपीआय: ३६०० × २१६०

गंमत बघा, ए४ कागदाला जवळपास ८७ लाख पिक्सेल लागतात आणि ६ × ४ च्या फ्लेक्सला ८६ लाख. फ्लेक्स मोठा आहे, पण आपण तो लांबून बघतो.

मग सगळ्यात मोठाच कॅनव्हास का नको?

रॅममुळे. प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. ए४ चा एक लेयर म्हणजे सुमारे ३५ एमबी, आणि २० लेयर म्हणजे ७०० एमबी. १० × ६ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयने करायला गेलात तर एकच लेयर ३ जीबीच्या वर जातो! फोन हँग होईल, नाहीतर अॅप बंद पडेल. लांबी-रुंदी दुप्पट केली की मेमरी चौपट लागते, हे लक्षात ठेवा. म्हणून कॅनव्हास मोठा होतो तशी बरीच अॅप लेयरची संख्या कमी करतात.

सुरू करण्याआधी एवढं बघा

१. चित्र कुठे लागणार, ते आधी विचारा. फ्लेक्सची लांबी-रुंदी फुटात घ्या.
२. कॅनव्हासचं प्रमाण तेच ठेवा, नाहीतर चित्र ताणलं किंवा कापलं जाईल.
३. खात्री नसेल तर मोठा कॅनव्हास घ्या. मोठ्याचं लहान नीट होतं, लहानाचं मोठं होत नाही.
४. छपाईला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की पिक्सेल कमी होतात.
५. स्क्रीनवरचे भडक निळे-हिरवे रंग छपाईत थोडे फिके येतात. शक्य असेल तर आधी छोटा नमुना छापून बघा.

चित्र आधीच लहान कॅनव्हासवर काढून झालं असेल तर नवीन मोठा कॅनव्हास घ्या, जुनं चित्र खालच्या लेयरवर फिकट करून ठेवा आणि वरून रेषा पुन्हा काढा. पुढच्या नवरात्रात मी तेच केलं, ३६०० × २४०० वर. तो फ्लेक्स दसऱ्यापर्यंत मांडवाच्या दारात होता.