सायलेन्सरचा नट आणि गंज : थोडा इतिहास

छाटण्या तोंडावर आल्यात, ब्लोअर जोडायच्या आधी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचे नट बघून घ्या, एवढंच लिहिणार होतो. पण विषय मागं मागं जात लोहाराच्या भात्यापर्यंत गेला. म्हणून आज जरा इतिहास.

आपल्या शेतात पूर्वी लोखंड थोडंच. नांगर लाकडाचा, फाळ तेवढा लोखंडी. कुळवाची पास, चाकाची धाव, विळा, खुरपं, झालं. रोज मातीत घासणारं लोखंड चकचकीत राहायचं, गंज धरायचा तो पडून राहिलेल्याला. उपाय घरातलाच, तेल. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायचीच. लोहार तापलेलं लोखंड तेलात बुडवायचा, ते काळं पडायचं आणि त्या काळ्या थरानं बरेच दिवस गंज अडायचा.

मग 1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला. सुरुवातीला तो खपेना, लोखंडानं जमीन नासते असा लोकांचा समज. पुढं 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव गेला. जमीन काही नासली नाही. पण एक गोष्ट बदलली, तिकडं फारसं कुणी बघत नाही. लाकडी औताचा सांधा म्हणजे पाचर, खुंटी, वेठण. ठोकली की निघाली. लोखंडी औताबरोबर नट-बोल्ट आले. गंज फुगतो, लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि आट्यात फुगला की नट जागेवर बसतो तो बसतोच. पाचरीला हा रोग नव्हता.

तरी नांगराचा बोल्ट थंड असतो, त्याला तेल चालायचं. खरी पंचाईत ट्रॅक्टरनं आणली. 1959 ला फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर निघाला, 1971 ला एचएमटीचा झेटर आला. 1980 ला उजनी पुरी झाली, पुढं कालव्याचं पाणी फिरलं, ऊस आणि बागा वाढल्या तसे आपल्याकडं ट्रॅक्टर वाढले. सायलेन्सरचा नट काहीशे अंश तापतो. तिथं तेल-ग्रीस जळून कोळसा होतं, म्हणजे आजोबांचा उपाय तिथं बाद. त्यात एक लिटर डिझेल जळालं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन धुराड्यातून जातं. ट्रॅक्टर वस्तीवरून नुसता गावात नेऊन आणला, तर पाइप पुरता तापत नाही आणि ती वाफ आतच पाणी होऊन बसते. डिझेलमधल्या गंधकामुळं त्या पाण्याला आंबटपणा, म्हणजे आम्ल. 1 एप्रिल 2020 पासून देशभर दहा लाख भागांत 10 भाग गंधकाचं डिझेल आहे, त्याआधी 50 होतं. तेवढा त्रास कमी झाला, पाणी मात्र तेवढंच.

यावर जगानं काय काय केलं? फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या माणसानं 1837 ला वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायचं पेटंट घेतलं. आपले गंजरोधक पत्रे, पाइप त्याच वंशातले. पण 200 अंशांच्या वर सतत राहिलं की जस्ताचे पापुद्रे सुटतात. म्हणून तो बोल्ट शेवटच्या पट्टीला ठीक, मॅनिफोल्डजवळ नको. 1913 ला इंग्लंडात शेफिल्डच्या हॅरी ब्रेअरलीला बंदुकीच्या नळीसाठी धातू शोधताना क्रोमियमचं न गंजणारं पोलाद सापडलं, तेच आपलं स्टेनलेस. चांगलं आहे, पण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं तर आटे एकमेकांत रुततात. मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो जुन्या इंजिनांवरचा पितळी नट. पोलादी स्टडवर पितळ, गंजून धरतच नाही. आता पितळ महाग, आणि दिसलं की चोरीला जातं हेही खरंच!

आपल्या द्राक्षवाल्यांचा वेगळाच शत्रू आहे, मोरचूद. बोर्डो झालं का बघायला आपण विळा बुडवतो. पातं तांबूस झालं तर चुना कमी. ते तांबूस म्हणजे तांबं, आणि ते बसताना तेवढं लोखंड विरघळून गेलेलं असतं. तेच पाणी ब्लोअरच्या वाऱ्यानं सायलेन्सरच्या नटावर येतं. आमच्या भावकीत ऐन डावणीच्या दिवसांत, बाहेर ढगाळ, आणि मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्ये तुटला. बिडाचं मॅनिफोल्ड शाबूत, स्टड सडलेला. ड्रिल मारून काढेपर्यंत दोन दिवस फवारणी बंद. त्या दोन दिवसांत प्लॉटची पानं गेली.

तर फवारणी झाली की इंजिन गार होऊ द्या, मग साध्या पाण्यानं धुवा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालवून सुकवा. तापलेल्या बिडावर पाणी मारू नका, तडकतं. वर्षातून एकदा नट सैल करून आटे तारेच्या ब्रशानं साफ करा आणि ग्राफाइटची किंवा तांब्याची पेस्ट लावा, ती उष्णतेनं जळत नाही. साधं ग्रीस नको. जाम नट पान्याला पाइप लावून ओढू नका, मिस्त्रीकडून गॅसनं तापवून घ्या. उभ्या सायलेन्सरवर रात्री पालथा डबा ठेवायची जुनी सवय सोडू नका, फक्त सकाळी चालू करायच्या आधी तो काढा.