परदेशातलं एक वर्ष : कूळ आणि मूळ

परदेशी शिकायला जाणं परभणीच्या मुलखाला नवं नाही, पण आपल्याकडे ते ज्या घराण्यातून आलं ते एक्स्चेंजचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचं, घराणं नव्हे. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि हुशार मुलांना सरकारी खर्चानं विलायतेस धाडण्याची रीत त्या दरबारात एकोणिसाव्या शतकापासूनच होती. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, 1895 साली निजामाच्या शिष्यवृत्तीवरच लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि मग केंब्रिजच्या गर्टनमध्ये गेल्या. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेऊन. राजानं पैसा द्यायचा, विद्यार्थ्यानं पदवी तिकडची घ्यायची आणि परतून चाकरीनं फेड करायची, असा हा व्यवहार होता. आजच्या ‘बॉण्ड’चा हाच पूर्वज. त्यातून माणसं मोठी झाली हे खरंच, पण जाणारा एकटाच जाई. त्याच्या बदल्यात तिकडून कोणी येत नसे.

एक्स्चेंजचं वर्ष वेगळ्या पोटी जन्मलं. 1923 साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. अमेरिकी मुलं युरोपात त्याआधीही हिंडत होतीच. नवी गोष्ट एवढीच, की तिकडे शिकलेलं वर्ष इकडच्या पदवीत धरलं गेलं. ते धरता आलं, कारण अमेरिकेत तोवर शिक्षण तासांच्या मापात, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजलं जात होतं. या मापाला बळ मिळालं तेही विद्येपेक्षा पेन्शनमुळे: 1906 च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशननं प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देऊ केलं आणि त्यासाठी पात्र ठरायचं तर कॉलेजांनी प्रवेशाची अट ठरावीक एककांत मांडावी असं सांगितलं. युरोपनं 1987 साली इरॅस्मस योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. दोनच वर्षांत तिथेही क्रेडिटचं सामाईक माप आखायला घ्यावं लागलं. म्हणून माझं म्हणणं असं, की परदेशातल्या वर्षाचं मूळ बोटीत, विमानात किंवा शिष्यवृत्तीत शोधू नये, ते हिशेबाच्या वहीत आहे.

आणि ही वही परभणीत फार लवकर आली. अमेरिकेच्या 1862 च्या मॉरिल कायद्यातून उभ्या राहिलेल्या लँड-ग्रँट विद्यापीठांचा नमुना घेऊन 1960 साली पंतनगरचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. पुढे सहा अमेरिकी विद्यापीठांनी आपल्या राज्यांशी जोड्या जमवल्या, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं. राहुरी 1968 मधलं, अकोला 1969 मधलं, आणि 18 मे 1972 रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. सत्र आणि क्रेडिट शेतीशिक्षणात शिरले ते याच वाटेनं, आणि तेही अशा काळात जेव्हा बाकीच्या कॉलेजांवर वार्षिक परीक्षेचंच राज्य होतं. मात्र त्या जोड्यांत तिकडून आले ते सल्लागार, आणि इकडून गेले ते पीएच.डी. करायला निघालेले प्राध्यापक. हत्यार हाती होतं, पण पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ते वापरावं हे कोणाला सुचलं नाही.

आता ते वापरावं असं म्हटलं, तर पहिला आक्षेप असा येईल, की क्रेडिट ही कारकुनी बाब आहे. परक्या मुलखात राहून माणूस जे शिकतो ते मोजता थोडंच येतं? पण कृषी पदवीच्या सातव्या सत्रातला ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, पाहा. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणवणारे विद्यार्थी खेड्यात राहतात, शेतकऱ्याच्या बांधावर जातात, माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया करून दाखवतात, आणि पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यानुसार त्याचे वीस क्रेडिट होतात. कॉलेजाबाहेर काढलेलं अख्खं सत्र पदवीत धरायला आपण केव्हाच शिकलो आहोत. जे मानवतच्या किंवा पाथरीच्या शिवारात चालतं ते दुसऱ्या देशातल्या शिवारात न चालण्याचं तत्त्वाचं कारण मला दिसत नाही. दुसरा आक्षेप, गेलेली मुलं परत येणार नाहीत. राजांनी बॉण्ड याच भीतीपोटी लिहून घेतला. पण एक्स्चेंजमध्ये पदवी इथेच अडकलेली असते. ती घ्यायला परत यावंच लागतं. पुढे ती कायमची जाणार असतील, तर बॉण्डनंही किती जणांना धरून ठेवलं?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. विमानाचं भाडं, व्हिसा, राहणं-खाणं हे कोरडवाहू घरातल्या मुलाला परवडणारं नव्हे. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून परभणीचे विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणाला गेले ते जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पैशावर, आणि वर्षासाठी नव्हे, थोड्या काळासाठी. तरी खर्चातला एक मोठा भाग, परदेशी विद्यापीठाची फी, खऱ्या अदलाबदलीत उरतच नाही: प्रत्येक जण आपापल्या घरी फी भरतो आणि जागा तेवढ्या बदलतात. मात्र त्यासाठी तिकडचा विद्यार्थी इकडे यायला हवा. परभणीत तो कशाला येईल, असं म्हणून आपण हसून मोकळे होतो. तो यावा असं इथे पुष्कळ आहे. कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र इथे आहे. काळ्या भारी जमिनीत ओल कशी धरायची, पाऊस महिनाभर ओढ देतो तेव्हा कापूस, सोयाबीन आणि तूर कशी तगवायची, हे ज्याला शिकायचं त्यानं आयोवाला जाऊन काय करायचं? अडचण आहे ती त्याच्यासाठी इंग्रजीतला अभ्यासक्रम, वसतिगृहातली खोली आणि खरिपाशी जुळणारं सत्र यांची, आणि यातल्या एकाही गोष्टीला जागतिक बँक लागत नाही.