निळ्या स्फटिकाची ओळख : पूनालाइट ते कॅव्हन्साइट

१/ तारापूर-बोईसरच्या किनाऱ्यापासून पुण्याच्या पठारापर्यंत जमिनीखाली मुख्यतः एकाच कुळातला काळा कातळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. खाणीत सुरुंग उडतो, दगड क्रशरमध्ये जातो आणि त्याची खडी होते. त्या दगडाच्या पोकळीत एखादा अनोळखी स्फटिक दिसलाच, तर त्याची ओळख कशी पटवायची? महाराष्ट्रात या प्रश्नाला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून उष्ण, क्षारयुक्त पाणी झिरपले आणि तेथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट यांसारखी खनिजे वाढली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले गेले, तेव्हा असे अनेक सुंदर नमुने उजेडात आले.

३/ त्याआधीच, १८३१ साली, हेन्री ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याकडील सुईसारख्या स्फटिकांना नवे खनिज मानून ‘पूनालाइट’ हे नाव दिले. पुण्याचे नाव खनिजशास्त्रात गेले खरे, पण टिकले नाही. ते खनिज मेसोलाइटच असल्याचे पुढे मानले गेले.

४/ ही चूक समजण्यासारखी होती. नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट ही तिन्ही खनिजे पांढऱ्या सुयांच्या रूपात वाढतात. पहिल्यात सोडियम, दुसऱ्यात कॅल्शियम आणि तिसऱ्यात दोन्ही असतात. हा भेद नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रासायनिक पृथक्करण लागते.

५/ दुसरी कथा नेमकी उलटी आहे. १९७०च्या दशकात पुण्याजवळ गडद निळे स्फटिक आढळले. निळा रंग पाहिला की तांब्याच्या खनिजाची शंका येणे स्वाभाविक. परंतु तांब्याचे निळे कार्बोनेट, म्हणजे अ‍ॅझुराइट, आम्लात फसफसते. हा स्फटिक फसफसत नाही. त्यात तांबे नसतेच. त्याचा रंग व्हॅनेडियममुळे येतो.

६/ हा होता कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे यांनी १९७३ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तिकडचे स्फटिक मात्र अगदी बारीक होते.

७/ त्याच लेखात त्याच्या जुळ्या भावाचेही वर्णन होते : पेंटागोनाइट. दोघांचे रासायनिक सूत्र एकच. फरक अणूंच्या मांडणीचा. म्हणजे येथे रासायनिक पृथक्करणही अपुरे पडते. क्ष-किरणांच्या विवर्तनानेच या दोघांतला भेद निर्विवाद ठरतो.

८/ १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींत पांढऱ्या स्टिल्बाइटवर फुललेले कॅव्हन्साइटचे निळे गुच्छ मिळू लागले. पेंटागोनाइटही तेथेच सापडला. आज जगभरातील संग्रहालयांत कॅव्हन्साइटच्या उत्तम नमुन्यांखाली वाघोलीचे नाव असते.

९/ या खाणी खडीसाठीच चालत. निळा ठिपका दिसताच कोणी हात थांबवला नसता, तर ते स्फटिकही रस्त्यांखाली गेले असते. म्हणून पालघरच्या एखाद्या खाणीत अनोळखी खडा हाती आला, तर पहिले काम नाव देण्याचे नाही. तो कोणत्या खाणीत, कोणत्या थरात आणि कोणत्या खनिजांसोबत सापडला, हे आधी लिहून ठेवावे. खनिजाचे नाव प्रयोगशाळा नंतरही सांगू शकते. हरवलेला ठिकाणा मात्र तिला सहसा शोधून देता येत नाही.