तेहरानच्या वाटेवरचे ट्रक

पश्चिम युरोपातून इराणकडे ट्रकने माल नेण्याचा धंदा १९७०च्या दशकात भरभराटीला आला. १९७३नंतर तेलाचा पैसा वाहू लागला, आयात वाढली आणि इराणच्या बंदरांबाहेर जहाजे खोळंबू लागली. त्यापेक्षा रस्ता बरा. त्याच वर्षी बॉस्फोरसवरचा पूल खुला झाला. तोवर इस्तंबूलला ट्रक फेरीबोटीने पलीकडे जात. खरी कसोटी मात्र पूर्व तुर्कस्तानात लागे: बर्फाने निसरडा झालेला ताहिर घाट आणि पुढे बाझारगानच्या सीमानाक्यावरची रांग. १९५९च्या टीआयआर करारामुळे सीलबंद माल वाटेतल्या देशांत सहसा उघडावा लागत नसे, पण शिक्के मारून घेण्याची कटकट चुकत नसे. १९७९ची क्रांती आणि १९८०चे इराण-इराक युद्ध यांमुळे हा बहर ओसरला. भारत टीआयआर व्यवस्थेत आला तो थेट २०१७ साली.