तेर्वूरेनचे संग्रहालय आणि सात कबरी

१८९७ साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा त्याचा वसाहतविषयक विभाग बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने शहराबाहेर तेर्वूरेन येथील उद्यानात मांडला आणि हस्तिदंत, कॉफी, रबर यांच्या जोडीला काँगोतून आणलेली २६७ माणसेही तेथे लोकांना पाहण्यासाठी ठेवली. 'काँगो स्वतंत्र राज्य' या नावाचा तो प्रदेश १८८५ पासून लिओपोल्डच्या खाजगी मालकीचा होता. गावोगावच्या लोकांवर रबराचा चीक गोळा करण्याची सक्ती होती आणि ठरलेला भरणा न करणाऱ्यांच्या बायकांना ओलीस धरणे, फटके मारणे, प्रसंगी जीव घेणे, हा तेथील कारभाराचाच भाग झाला होता. ही राजवट मागासांना सुधारते आहे असे बेल्जियन जनतेला पटवायचे असल्याने, ही माणसे जेथे दाखवली जात त्या तळ्याकाठच्या झोपड्यांपासून वेगळे असे 'सुधारलेल्या' काँगोली लोकांचेही एक गाव दाखवण्यात आले.

जिवंत माणसांना कुंपणाआड ठेवून त्यांचे रोजचे जगणे तमाशासारखे दाखवण्याच्या या प्रथेला अभ्यासक आज 'मानवी प्राणिसंग्रहालय' म्हणतात. दहा लाखांहून अधिक लोक तेर्वूरेनला येऊन गेले. प्रेक्षकांनी फेकलेला खाऊ खाऊन काही जण आजारी पडले, तेव्हा या लोकांच्या जेवणाची सोय समिती करते, अशी पाटी लावून आयोजकांनी प्रश्न मिटवला. त्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात सात जण दगावले आणि त्यांची नावे येथे लिहिलीच पाहिजेत: एकिया, गेंबा, कितुक्वा, म्पेया, झाओ, साम्बा, मिबांगे.

त्याच प्रदर्शनातून १८९८ मध्ये कायमचे काँगो संग्रहालय निघाले आणि १९१० मध्ये ते आजच्या भव्य इमारतीत गेले. तेथील एका भिंतीवर काँगोत मरण पावलेल्या १,५०८ बेल्जियनांची नावे कोरली गेली, परंतु रबरापायी मेलेल्या असंख्य काँगोलींपैकी एकाचेही नाव त्यांत नव्हते. फ्रेडी त्सिम्बा या काँगोली शिल्पकाराने अलीकडे समोरच्या काचांवर त्या सात जणांची नावे अशी लिहिली, की उन्हात त्यांची सावली त्या यादीवर पडते.

माणसे मांडण्याची सवय मात्र लिओपोल्डबरोबर गेली नाही. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात पुन्हा काँगोली गाव उभे राहिले आणि प्रेक्षक पुन्हा खाण्याच्या वस्तू फेकू लागले. या वेळी मात्र तेथील काँगोली कारागिरांनी ते सोसण्यास नकार दिला आणि प्रदर्शन संपण्यापूर्वीच ते मायदेशी परतले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ३० जून १९६० रोजी, काँगो स्वतंत्र झाला.