गोलगोल फिरणारं तेल

नगरच्या रणगाडा संग्रहालयात (1994 चं; जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच बसलंय) रणगाड्यांचे फोटो काढून झाले की पब्लिक बाहेर पडतं. पुढच्या विकांताला गेलात तर तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी जरा निवांत बघा. सिल्व्हर घोस्टची चासी, वर पोलादी पत्रा, वजन चार टनांच्या वर. आणि वळवायला? ड्रायव्हरचे दंड. बस्स!

हा व्यायाम संपवला फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागाचा हा मुख्य इंजिनिअर. 1922 मध्ये चांगली नोकरी सोडून त्याने बॉस्टनजवळ वॉल्थमला छोटं वर्कशॉप घेतलं. म्हणजे स्टार्टअपच की! तेलाच्या दाबाने चाकं वळवायची, एवढंच डोक्यात. पण दाब सतत धरून ठेवायचा तर तेल गळतं, तापतं. डेव्हिसने उलटा विचार केला. त्याने झडप मधोमध उघडीच ठेवली. गाडी सरळ चालली असताना तेल पंपातून गेअर बॉक्समध्ये आणि तिथून परत टाकीत, नुसतं गोलगोल फिरत राहतं. स्टिअरिंग वळवलं की झडप एका बाजूने मिटत जाते आणि तेवढ्यापुरता दाब तयार होतो. मागितल्याशिवाय काम नाही. मला तर हे डिझाइन म्हणून फार देखणं वाटतं.

1926 मध्ये त्याने डेट्रॉइटला गाडी चालवून दाखवली. जनरल मोटर्सने करार केला, पण मंदीत हे प्रकरण महाग म्हणून बासनात गेलं. मग आलं महायुद्ध. स्टॅगहाउंडसारख्या 14 टनी चिलखती गाडीला हे तंत्र हवंच होतं. सामान्य गिऱ्हाइकाला मात्र ते 1951 च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये मिळालं. आपल्याकडे 1981 साली जर्मन झेडएफच्या सहकार्याने स्टिअरिंग बनवणारी कंपनी उभी राहिली, तीही पुणे-नगर रस्त्याजवळच्या वढू बुद्रुकला.

आता पाथर्डीकडून कांदा भरून नेप्तीच्या बाजाराला निघालेली, करंजी घाटातली एक जुनी पिकअप डोळ्यांसमोर आणा. स्टिअरिंग जड झालंय. रस्त्यावरचा सल्ला ठरलेला: पंप बदला. आणि इथेच खिसा कापला जातो. डेव्हिसचं ते फिरणारं तेल डोक्यात ठेवलं तर अर्धा दोष जागेवर बसून सापडतो.

दोन्हीकडे वळवताना जड, पण रेस दिली की हलकं? मग पंप किंवा बेल्ट. पूर्ण वळवल्यावर किंचाळतो तो बहुतेक ढिला बेल्ट. फक्त डावीकडेच जड? मग पंपाच्या मागे लागू नका. तोच पंप उजवीकडेही दाब देतोय ना! दोष गेअर बॉक्समधल्या झडपेत नाहीतर सीलमध्ये. टाकीत फेस आणि कण्हल्यासारखा आवाज म्हणजे तेलात हवा गेलीय. गंमत अशी की टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप सैल असला तरी खाली थेंब दिसेलच असं नाही, कारण तिथून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. कधीकधी एक क्लिप आवळली की काम होतं.

पण या सगळ्याच्या आधी टायरमधली हवा बघा. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. मध्येच अडकत असेल तर तेलाचा संबंधच नाही. किंगपिन किंवा बॉल जॉइंट सुकलाय.

चालत्या गाडीचा बेल्ट तुटला तरी स्टिअरिंग चाकांपासून सुटत नाही, कारण लोखंडी जोड तसाच असतो. फक्त एकदम त्या रोल्स-रॉइससारखं जड होतं. घाटातल्या वळणावर, मागे भरलेला माल असताना हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. म्हणून किंचाळणारा बेल्ट ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणून टाळू नये.

दुरुस्तीनंतर हवा काढायची ती अशी: चाकं उचललेलीच ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, टाकीत तेल कमी होईल तसं भरत जायचं, आणि फेस थांबला की मगच स्टार्टर मारायचा. तेल कंपनीने सांगितलेलंच. घाईत हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका, रबरी सील फुगून बसतात.