एटना कोठून पाहावा?

सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्याने मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला एटना शोधावा लागत नाही. कातानिया शहराचा मुख्य रस्ता थेट त्याच्या दिशेनेच आखलेला आहे. सुमारे ३,३५० मीटर उंचीचा हा जागृत ज्वालामुखी प्रत्येक वळणावर पुन्हा समोर येतो. प्रश्न उरतो तो कोठे थांबून पाहावे एवढाच, आणि त्याचे उत्तर प्रवासवर्णनांनी अडीचशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे: ताओर्मिनाचे प्राचीन नाट्यगृह. आम्हांस या उत्तराविषयीच थोडे बोलावयाचे आहे. कारण देखावा ही निसर्गाची देणगी असली तरी ‘देखाव्याची जागा’ माणसेच ठरवितात, आणि ती कोणी ठरविली हे सहसा विसरले जाते.

ताओर्मिनाचे नाट्यगृह मूळ ग्रीकांचे. आज दिसते ते बांधकाम बहुतांशी रोमन काळातील विटांचे. प्रेक्षकांच्या अर्धवर्तुळासमोर, रंगमंचामागे, खांबांनी सजविलेली उंच भिंत होती. त्या भिंतीला आज मधोमध मोठे खिंडार आहे, आणि या खिंडारातूनच समुद्रकिनारा व त्यावर उभा असलेला धुरकट एटना चौकटीत बसविल्यासारखा दिसतो. म्हणजे आज ज्या दृश्यासाठी जगभरचे प्रवासी येथे येतात, ते बांधणाऱ्यांनी योजिलेले नव्हते. रोमन प्रेक्षकाला नाटक पाहावयाचे होते, आणि पुढे द्वंद्वयुद्धे. पर्वत त्याला रोजचाच होता. पडझड झाली तेव्हा ही चौकट मोकळी झाली.

जर्मन कवी गटे १७८७च्या मे महिन्यात येथे आला. सर्वांत वरच्या रांगेच्या जागी बसून त्याने लिहिले, की कोणत्याही नाट्यगृहातील प्रेक्षकांपुढे असे दृश्य क्वचितच असेल. वाचकांच्या लक्षात येईल, की आपल्याला झालेला आनंद तो येथे प्राचीनांच्या नावे जमा करीत आहे. वरच्या रांगेतल्यांना पर्वत दिसतही असेल. पण भग्न भिंत आणि तिच्याआड धुमसता डोंगर ही जोडी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. अवशेषांवर प्रेम करणारी दृष्टी ही अठराव्या शतकाची निर्मिती आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला इंग्रज अधिकाऱ्यांची नावे मिरविणारे जे ‘पॉइंट’ आहेत, तेही याच रुचीचे अपत्य, असे आमचे मत आहे.

गटे शिखरावर मात्र गेला नाही. कातानियातील निसर्गशास्त्रज्ञ जोएनी याने त्याला त्या ऋतूत वर जाण्याचा नाद सोडावयास सांगितले. त्याऐवजी निकोलोसी गावाजवळच्या मोन्ती रोस्सी या तांबड्या टेकडीवर जा, एटना तेथूनही समजेल, असे सुचविले. शिवाय ज्याच्या पुस्तकाने लोकांना हे वेड लावले तो ब्रायडन स्वतः वर गेलाच नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. पॅट्रिक ब्रायडन हा स्कॉटिश गृहस्थ १७७०मध्ये सिसिलीत हिंडला आणि १७७३मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यातील शिखरावरच्या सूर्योदयाचे वर्णन युरोपभर वाचले गेले. ते प्रत्यक्षदर्शी की कल्पित, हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पाहण्याची इच्छा वर्णनातून जन्मते, एवढे त्यावरून दिसते आणि तेवढे पुरे आहे.

याच ब्रायडनच्या पुस्तकात त्या सूर्योदयाहून मोलाची एक गोष्ट आहे. कातानियाचा धर्माधिकारी रेकुपेरो एटनाचा इतिहास लिहीत होता. एका खोल खणलेल्या जागी त्याला लाव्ह्याचे सात थर एकावर एक दिसले आणि मधल्या जागांत चांगली माती. कातळावर एवढी माती साठावयास सुमारे दोन हजार वर्षे लागत असतील, तर सर्वांत खालचा थर चौदा हजार वर्षांचा! धर्मग्रंथावरून काढलेले जगाचे वय तर सहा हजारांच्या घरातले. बिशपने त्याला सावध राहण्यास बजावले, असे ब्रायडन सांगतो. रेकुपेरोचे हे हिशेब चुकीचे असतील, पण त्याची पद्धत आजही कोणी नाकारणार नाही. महाबळेश्वरच्या घाटात काळ्या कातळाच्या थरांमध्ये दिसणारे तांबड्या मातीचे पट्टे याच जातीचे. फक्त तेथील काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. ब्रायडनने हे सारे रेकुपेरोच्या नावासकट छापले, आणि रेकुपेरो तेव्हा हयात होता. रंजक मजकूर इंग्रजी वाचकांना मिळाला. त्याचे परिणाम भोगावयाचे ते कातानियात राहणाऱ्याने.

पर्वताला वळसा घालणारा रस्ता रान्दाझ्झोच्या काळ्या दगडी घरांवरून पश्चिमेस ब्रॉन्तेला पोहोचतो. ही जहागीर १७९९मध्ये नेपल्सच्या राजाने नेल्सनला दिली. तो तिकडे कधी फिरकला नाही. येथील देखाव्याचे कौतुक मार्गदर्शिकांत कमी आढळते. १८४३मध्ये अमेरिकन चित्रकार थॉमस कोल याने ताओर्मिनाहून दिसणारा एटना रंगविला: पुढे भग्न नाट्यगृह, मागे शांत, हिमाच्छादित शिखर. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रॉन्तेच्या दिशेने लाव्हा उतरत होता. त्याच्या तोंडाशी माणसे जमली होती, कोणी लाकूडफाटा वाचवीत, कोणी नुसते पाहत. तप्त लाव्हा पाण्याने भरलेल्या जमिनीवर आला, वाफेचा स्फोट झाला आणि पन्नासांहून अधिक माणसे मेली. एकाच पर्वताची ही दोन दर्शने, एकाच सालातली.

दक्षिणेच्या बाजूने पाहणे तर आणखी निराळे. गटे ज्या मोन्ती रोस्सीवर चढला, ती टेकडी १६६९च्या उद्रेकात निर्माण झालेली. तेव्हाचा लाव्हा कातानियात शिरला, समुद्रकाठचा उर्सीनो किल्ला त्याने वेढला आणि समुद्रच मागे हटविला; तो किल्ला आज शहराच्या आत आहे. त्या वेळी दिएगो पाप्पालार्दो व त्याचे सोबती भिजविलेली कातडी पांघरून, लोखंडी पहारी घेऊन लाव्ह्याची कड फोडावयास गेले होते. प्रवाह थोडा वळलाही. पण तो पातेर्नो गावाकडे येईल या भयाने तेथील लोक शस्त्रे घेऊन धावले आणि काम थांबले. कातानियाच्या दृष्टीने जे धैर्य, ते पातेर्नोच्या दृष्टीने घातपात होते. दोन्ही गावे बरोबरच पाहत होती. फक्त उभी होती निरनिराळ्या जागी.

पुढे १९९१ ते १९९३ या काळात ४७३ दिवस चाललेल्या उद्रेकात झाफेराना गावावर तीच वेळ आली. आधी मातीचा बांध घालण्यात आला. तो ओलांडून लाव्हा पुढे सरकला. मग मे १९९२मध्ये वर, उगमाजवळ, सुरुंग लावून प्रवाह फिरविण्यात आला. गाव वाचले. थिजलेल्या लाव्ह्याच्या टोकाशी आता देवमातेची मूर्ती आहे, आणि गाड्या तेथेही थांबतात.